विहिरीजवळचा वाफा

आज कुकरचं झाकण उघडलं आणि आंबेमोहोराच्या वासानं मला होटगीच्या आमच्या विहिरीपाशी नेलं.

आई मावळातली, भातावर वाढलेली. आमच्याकडे रोज ज्वारीची भाकरी, भात सणालाच. म्हणून वडिलांनी तिच्यासाठी विहिरीजवळ वाफाभर भात पेरला आणि उगवल्यावर ज्वारीसारखं कोळपं फिरवून त्यातलं तण काढायला घेतलं.

एरवी गप्प असणारी आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. “अहो, भाताला कोळपं नाही, चिखल लागतो!”

“मग दाव की. हितं कुणाला ठावं हाय?”

तिनं साडी खोचून वाफ्यात पाणी सोडलं. वडील रोपं उपटून देत होते, ती चिखलात लावत होती.

पुढच्या वर्षी भात उगवला आणि वडिलांनी पुन्हा कोळपं काढलं. तेव्हा मला वाटलं, विसरले बिचारे.

विसरतात कसले! त्यांना आईला पुन्हा तसं हसताना बघायचं होतं.