सदर संगणक नादुरुस्त आहे

जळबा रामजी खंदारे हिंगोलीकडच्या शिरड शहापूरचा. तालुक्यातल्या कालव्याच्या एका लहानशा सरकारी ऑफिसात तो शिपाई होता. दहावी पास, अक्षर मोत्यासारखं, आणि स्वभाव असा की कुणी चार गोष्टी लावून बोललं तरी मान खाली घालून ऐकून घ्यायचा. बायको रूपाबाई त्याला म्हणायची, "तुमाला राग येतच न्हाई का हो? का तो बी सायबाला इचारून आणायचा?" जळबा हसायचा. पुढं त्याला राग आला, आणि एकदा आला तो गेलाच नाही. त्याची ही गोष्ट.

शहाण्णव साली परभणीहून जीपमध्ये एक कॉम्प्युटर आला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. त्याच्यासाठी एक खोली रिकामी केली, खिडकीला पडदा लावला, दारावर पाटी ठोकली : चपला बाहेर काढा. शिकवायला एक माणूस तीन दिवस आला. बाबू लोकांनी पहिल्या दिवशी हजेरीवर सह्या केल्या आणि चहाला गेले ते तिसऱ्या दिवशी निरोप समारंभालाच उगवले. खोलीत उरला एकटा जळबा. त्याला पाणी द्यायला ठेवलं होतं. शिकवणाराही कंटाळला होता. तो म्हणाला, "बसा हो तुम्हीच. कुणाला तरी शिकवल्याचं समाधान तरी मिळू द्या."

जळबा बसला. घरी गेल्यावर त्यानं जुन्या फायलीच्या पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढला, एकेका चौकोनात अक्षर लिहिलं आणि बोटं बसेपर्यंत तो पुठ्ठा बडवला. दोन महिन्यांत ऑफिसचं पहिलं पत्र त्यानं मशीनवर काढलं. प्रिंटर कर्रकर्र करत कागद बाहेर टाकू लागला तेव्हा बाबू लोक दारात उभे राहून बघत होते. चपला काढायचा कंटाळा म्हणून आत कुणीच आलं नाही.

तेव्हापासून ते सगळं काम त्याच्याकडंच आलं. सकाळी झाडायचं, पाणी भरायचं, टपाल वाटायचं. मग चपला काढून मशीनवर बसायचं. पाणीवाटपाचे तक्ते, शेतकऱ्यांच्या अर्जांची उत्तरं, पेन्शनची प्रकरणं, सगळं तोच टाइप करायचा. नव्व्याण्णव साली हिंगोली जिल्हा झाला तेव्हा प्रत्येक नमुन्यावरचं 'परभणी' खोडून 'हिंगोली' त्यानंच केलं, आठ दिवस मान मोडेपर्यंत. मधूनच घंटी वाजायची. तो उठायचा, साहेबांना चहा द्यायचा, कप विसळायचा, हात पुसून पुन्हा बसायचा. कागदावर मात्र तो शिपाईच. हजेरीपटावर, कामवाटपाच्या यादीत 'संगणक' या शब्दासमोर हेडक्लर्क गोरेगावकरांचं नाव होतं. गोरेगावकरांना मशीन चालू कुठून होतं हेही ठाऊक नव्हतं. जळबानं त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही. काम येतं, तेवढं पुरे, असं त्याला वाटायचं.

दोन हजार पाचला तीन नवे कॉम्प्युटर आले. चपटे, काळे. त्यांच्यावर बसायला कंत्राटी ऑपरेटर आला. जुन्या मशीनचं टेबल अडचणीचं ठरलं.

त्याच महिन्यात प्रेमसिंग गुरुजी ऑफिसात आले. पुसेगावच्या बाजूला एका तांड्यावरच्या शाळेत ते शिकवायचे. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की इथं एक जुनं पण चालू मशीन पडून राहणार आहे. ते अर्ज घेऊन आले. पंधरा दिवसांनी पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा गोरेगावकरांनी त्यांना खुर्चीसुद्धा दिली नाही.

"गुरुजी, नियम समजून घ्या. चालू वस्तू सरकारी नोंदवहीतून कमी करता येत नाही. आणि कमी न करता तुम्हाला देता येत नाही."

"मंग कमी करा की साहेब."

"कमी करायची तर ती बंद पाहिजे. आणि बंद वस्तू शाळेला देऊन काय करणार? बंद वस्तू भंगारात जाते."

गुरुजींनी अर्ज घडी करून खिशात ठेवला. मग बाहेर व्हरांड्यात येऊन जळबाला म्हणाले, "जळबाभाऊ, माझी लेकरं कॉम्प्युटरचं चित्र फळ्यावर काढून शिकतेत. मी तरी काय करू?" टोपी सारखी करून ते बस धरायला गेले.

जळबाला त्यांना चहासुद्धा विचारता आला नाही. पुठ्ठ्यावर शिकायचं म्हणजे काय, हे त्या ऑफिसात त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी गोरेगावकरांनी हातानं लिहिलेला मसुदा त्याच्यापुढं टाकला. "हे टाइप कर. नव्या पोरानं सुट्टी टाकलीय, आणि नव्या मशीनला प्रिंटर अजून जोडलेला नाही. तुझ्या डब्यावरच काढ."

जळबानं मशीन चालू केलं. मसुदा वाचत टाइप करू लागला. 'विषय : निर्लेखनास मंजुरी मिळणेबाबत. सदर संगणक पूर्णतः नादुरुस्त असून दुरुस्तीयोग्य नाही. तो गेली दोन वर्षे बंद स्थितीत आहे. सबब भंगारात विक्रीस परवानगी...'

त्याची बोटं थांबली. गेली दोन वर्षं बंद? काल दुपारी याच मशीनवर त्यानं सतरा गावांचे तक्ते काढले होते. तो उठून गोरेगावकरांच्या टेबलाशी गेला.

"साहेब, यात लिहिलंय की हे मशीन बंद हाय."

"मग?"

"मी त्याच्यावरच टाइप करून राहिलो."

"तुला टाइप करायला सांगितलंय, वाचायला नाही. आणि सही झाली की त्याची एखादी वायर तोडून टाक. कुणी बघायला आलं तर बंद दिसलं पाहिजे."

तो परत खोलीत आला.  वायर तोड, म्हणे! नऊ वर्षं ज्याला फडक्यानं पुसलं, उन्हाळ्यात ज्याच्या मागं पंखा धरून बसला, ते हातानं मारायचं आणि मेल्याचा दाखलाही हातानंच लिहायचा. त्याला एकदम दिसलं की त्या कागदावर एकटं मशीन बंद नव्हतं. दोन वर्षं मशीन बंद, तर दोन वर्षांचं ते काम केलं कुणी? कुणीच नाही. जळबा खंदारे त्या खोलीत कधी बसलाच नव्हता.

त्यानं पत्र शब्दाला शब्द पूर्ण केलं. आणि खाली, सहीच्या जागेच्या वर, एक ओळ घातली : 'टीप : सदर पत्र वर नमूद केलेल्या नादुरुस्त संगणकावरच आज रोजी टंकलिखित केले असून त्यालाच जोडलेल्या प्रिंटरवर छापले आहे.'

ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी सही केली. जळबानं आणलेला कागद ते कधी वाचत नसत. पत्र त्याच दिवशी जिल्ह्याला गेलं. वायर काही जळबानं तोडली नाही.

तीन आठवड्यांनी पत्र परत आलं. टिपेखाली लाल शाईची रेघ आणि शेजारी वरिष्ठांचा शेरा : हा काय प्रकार आहे? खुलासा करावा.

साहेबांची घंटी अशी वाजली की व्हरांड्यातली माणसं उठून उभी राहिली.

"ही ओळ कुणी घातली?"

"म्या घातली."

"कुणाला विचारून?"

"खोटं लिहायला मला कुणी इचारलं व्हतं का साहेब?"

गोरेगावकर मध्ये पडले. "शिपायानं शिपायासारखं राहावं! डोक्यावर बसवलं की हे असं होतं."

आणि तिथं जळबाचा बांध फुटला.

"डोक्यावर? मला खुर्चीवर तरी बसवलं का कधी? तुमच्या नावाचं काम नऊ वर्षं म्या केलं, साहेब. तुमच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका म्या काढली. माझ्या एका बी कागदात चूक निघाली का? सांगा ना! तवा चालत व्हतो मी, तवा मशीन बी चालत व्हतं. आता जागा पायजे म्हणून ते बंद झालं? तो मास्तर तीनदा येऊन गेला, त्याला बसा म्हणाया तुमाला जड गेलं. आन् मला सांगता वायर तोड! काहून तोडू? न्हाई तोडणार. काय लिहायचं ते लिहा!"

आवाज आवारापर्यंत गेला.  जळबा बाहेर आला आणि माठातलं पाणी ग्लासात घेऊन एका दमात प्यायला.

दोन दिवसांनी त्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली. नव्या ऑपरेटरनं नव्या मशीनवर काढलेली. तीत जळबाचं आडनावच चुकलं होतं. जळबानं उत्तर जुन्या मशीनवर टाइप केलं आणि सोबत नऊ वर्षांच्या कामाची यादी जोडली, जावक क्रमांकासह. यादी चौदा पानांची झाली. तिची एक प्रत त्यानं थेट जिल्ह्याला पोस्टानं पाठवली.

वरच्यांना भांडण वाढवायचं नव्हतं. महिन्याभरात दोन आदेश एकाच टपालात आले. पहिला : संगणक चालू स्थितीत असल्याने तांड्यावरील शाळेस वापरासाठी द्यावा. दुसरा जळबासाठी. त्याची बदली कालव्यावरच्या एका चौकीवर, आणि सेवापुस्तकात सक्त ताकीद : 'शिपाई पदावर असूनही सन १९९६ ते २००५ या काळात विनापरवानगी शासकीय संगणक हाताळला.'

जळबानं ते तिथंच उभ्या उभ्या दोनदा वाचलं. नऊ वर्षांत सरकारी कागदावर त्याच्या नावापुढं 'संगणक' हा शब्द पहिल्यांदा आला होता. तोही गुन्हा म्हणून.

मशीन द्यायच्या दिवशी साहेब जीपमधून तांड्यावर गेले, फोटोवालाही आला. मॉनिटरला हार घातला. जळबानं खोकी उतरवली, वायरी जोडल्या, कारण दुसऱ्या कुणाला जोडता येत नव्हत्या. फोटोच्या वेळी गोरेगावकर म्हणाले, "जळबा, जरा बाजूला हो. आणि तेवढा चहा दे सगळ्यांना."

"चहा तुमी द्या," जळबा म्हणाला. "माझी बदली झाली हाय." आणि तो फोटोच्या मधोमध उभा राहिला. फोटोवाल्यानं तसाच फोटो काढला. फोटोत सगळे हसताहेत, जळबा सोडून.

घरी त्यानं रूपाबाईला ताकिदीचा कागद वाचून दाखवला. ती रडली नाही. म्हणाली, "त्येनीच लिहून दिलंय ना, तुमी मशीन चालवलं म्हणून? मंग ह्योच पुरावा. जपून ठेवा."

चौकीवर काम फारसं नव्हतं. जळबानं बेचाळिसाव्या वर्षी टायपिंगच्या परीक्षेचा फॉर्म भरला. वसमतला क्लासच्या बाकावर पोरापोरींमध्ये बसून पास झाला. दहावीचं प्रमाणपत्र, टायपिंगचं प्रमाणपत्र आणि ताकिदीची नक्कल जोडून बढतीचा अर्ज केला. अर्ज दोनदा परत आला, दोन्ही वेळा त्यानं तो पुन्हा धाडला. दोन हजार आठ साली तो दुसऱ्या एका ऑफिसात क्लार्क झाला.

बढतीची बातमी कळली तेव्हा गोरेगावकर निवृत्त झाले होते. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात ते त्याला भेटले. मोठ्या मनानं खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "झालं ना जळबा शेवटी सगळं बरोबर? उगीच तेव्हा तापलास."

जळबानं तो हात खांद्यावरून काढला. "जळबाराव म्हणा," तो म्हणाला. "आन् बराबर काय झालं? बारा वर्षांआधी व्हायचं ते आज झालं. मधली बारा वर्षं कोण देनार, तुमी?"

गोरेगावकर हसून काहीतरी बोलणार होते. पण जळबा पिशवी उचलून मिरच्यांच्या पालाकडं निघून गेला होता.