बेहडाटोल्याचा संदर्भ

७ जून, रविवार. चंद्रपूरच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात मी संगणकांवरची धूळ पुसत होते. दर रविवारी मी तिथं लोकांना इंटरनेटवरचा मुक्त ज्ञानकोश वाचायला आणि त्यात लिहायला शिकवते. त्या दिवशी रजनी येणार होती. आपल्या बेहडाटोल्याची, शाळेत माझ्या वर्गातली. तुम्ही सगळे तिला ओळखताच.

बेहडाटोला मी नोकरीसाठी सोडला, तोही पायी. गावात बस येत नव्हती. बाबांनी माझी पत्र्याची पेटी सायकलला बांधली आणि आम्ही जंगलातून डांबरी रस्त्यापर्यंत चालत गेलो. समाजमंदिरातलं वाचनालय बाबा चालवायचे. म्हणजे एक साप्ताहिक मागवायचे आणि संध्याकाळी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. वाटेत म्हणाले, "म्या पेपरवाल्याले लिवलं हाये, बाई. येईल बस."

बस आली नाही. पुढं गावच उठलं. जंगलातली वस्ती हलवायची ठरली आणि तुम्ही नागभीडच्या बाजूला, सिमेंटच्या सरळ ओळींत राहायला गेलात. तोवर मी चंद्रपूरची झाले होते. आता नव्या वस्तीत येते तेव्हा बस थेट दारात थांबते, आणि कोणाचं घर कुठलं ते मला विचारावं लागतं.

रजनीनं माझ्याकडून शिकून त्या ज्ञानकोशात बेहडाटोल्यावर मोबाइलवरून अख्खा लेख लिहिला होता. बोडीचं तळं, तेवीस घरं, मोहाचं मोठं झाड, समाजमंदिर. संदर्भाच्या जागी लिहिलं होतं, 'मी स्वतः पाहिलं आहे.' दूरच्या कुठल्या तरी संपादकानं लेखावर पट्टी लावली: छापील संदर्भ नाही, आठवडाभरात न दिल्यास लेख काढला जाईल.

"कुंदे, हा कोन व्हय वं?" तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. "कदी आला होता का आपल्या टोल्यात?"

"नाही. म्हणूनच पुरावा मागतो."

"मी पुरावा नाई का? एवढी धडधाकट बाई समोर बसून राह्यली!"

"तू चालत नाहीस. मीही चालत नाही."

"मंग आपन काऊन जगून राह्यलो वं?" ती हसली. मला हसू आलं नाही.

नियम मीच शिकवते, आणि तो बरोबर आहे. गाव नाही, नुसता टोला, छोटी वस्ती, म्हणून सरकारी यादीत आपण शेजारच्या गावात धरले गेलो. उरलं ते बाबांचं साप्ताहिक. त्याचे गठ्ठे आमच्याच वाचनालयात होते. चार वर्षांपूर्वी ते रद्दीत काढले, याच संगणकांच्या टेबलांना जागा हवी म्हणून. यादीवर ग्रंथपाल म्हणून सही माझी. बाबा म्हणायचे, "पेपर फेकाचा नाई. उद्या कोनी इचारलं तं दाखवाले लागते." सही करताना मला ते आठवलंही नव्हतं.

हे मी रजनीला सांगितलं. तिनं मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाली, "बाबानं साऱ्या गावाले शिकवलं, घरचीच राह्यली." आणि लगेच, "दुसरीकडं कुठी असन ना?"

मी तिथूनच तालुक्यांच्या वाचनालयांना फोन लावले. चौथ्या फोनला नागभीडकडच्या एक ग्रंथपाल बाई म्हणाल्या, माळ्यावर गठ्ठे आहेत, उंदरांनी काही ठेवलं असेल तर बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं गेले. रजनी डोक्याला फडकं बांधून तिथल्या वाचनालयाच्या पायरीवर बसलेली. "उशीर केला वं," म्हणाली. सातव्या गठ्ठ्यात, शेवटच्या पानावर बाबांच्या पत्रावरून छापलेली बातमी सापडली: बेहडाटोल्याला बस नाही, लोक जंगलातून पायी येतात. त्यात बोडी नाही, घरं नाहीत, समाजमंदिर नाही.

मी लेखातलं बाकीचं खोडायला घेतलं. "मोहाचं झाड तरी राहू दे," रजनी म्हणाली. मी तेही खोडलं. बेहडाटोला नावाची वस्ती होती आणि तिथं बस येत नव्हती. आपलं घर जगासाठी आता एवढंच आहे. खाली साप्ताहिकाचं नाव, अंक आणि पान क्रमांक टाकला. मग गठ्ठा घट्ट बांधून पुन्हा माळ्यावर ठेवला.