भाऊंच्या गोळ्या मी बंद करायला लावल्या

"मॅडम, उद्यापासून काउंटरवर बसू नका. पब्लिकसमोर रडायला लागलात तर ऑफिसची शोभा होईल."

तलासरीतल्या आमच्या कार्यालयात, सोमवारच्या मीटिंगमध्ये, सगळ्या स्टाफसमोर साहेब हे बोलले. रजेच्या अर्जाला मी मानसोपचाराच्या डॉक्टरांचा दाखला जोडला होता. तो त्यांनी हातात धरून सगळ्यांना दाखवला. कोणीतरी फिस्सकन हसलं.

मला राग यायला हवा होता. आली ती लाज. ते हसू माझ्या ओळखीचं होतं. मीही असंच हसले होते.

आमच्याकडे एक हेडक्लार्क होते. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. पूर्वेकडच्या डोंगरातल्या गावचे, घरची भातशेती. काम एकदम चोख. एकदा डबा खाताना मला म्हणाले, "ताई, डहाणूच्या डॉक्टरची गोळी चालू हाय. डोकं शांत ऱ्हातं. कोणाला सांगू नका हां."

संध्याकाळच्या चहाला मी सगळ्यांना हसत हसत सांगून टाकलं. काळजीपोटी सांगितलं, अशी मनाची समजूत घातली. खोटं. मजा आली होती मला.

मग साहेबांनी जीप ठरवली. शनिवारी अख्खं ऑफिस विवळवेढ्याच्या देवीला. भाऊंचं डोकं ताळ्यावर यावं म्हणून. ओटीचं सामान मीच घेतलं. पायरीवर भाऊंना मधोमध उभं करून फोटो काढला, ग्रुपवर टाकला. भाऊ मान खाली घालून उभे. मी म्हणाले, "आता देवीवर सोडा. गोळ्या बंद करा." त्यांनी ऐकलं. मी शिकलेली ना.

दोन महिन्यांत त्यांचे हात थरथरायला लागले. फाइल उघडी ठेवून तासन्‌तास नुसते बसायचे. साहेबांनी त्यांना रेकॉर्ड रूममध्ये टाकलं. एक दिवस राजीनामा ठेवून भाऊ निघून गेले. मी साधा फोनसुद्धा केला नाही.

आणि आता साहेब माझ्याकडे बघून म्हणत होते, "शनिवारी जीप काढू. मॅडमसाठी नारळ वाढवू."

मी उठले.

"मी येणार नाही. देवीकडे जायचं तेव्हा माझी मी जाईन. गोळ्याही बंद करणार नाही. भाऊंच्या मी बंद करायला लावल्या. त्यांची गोष्टही मीच फोडली."

"काय असेल ते लेखी द्या," साहेब म्हणाले.

रविवारी मी भाऊंच्या गावी गेले. त्यांची बायको दारातच आडवी उभी राहिली. "तो नाय भेटायचा. आता कशाला आलात?"

तिने आत या म्हटलं नाही, ते बरोबरच केलं.

घरी येऊन लिहायला बसले. भाऊंचं काय केलं, माझं काय चाललंय, सगळं. अर्ज साहेबांकडे दिला नाही, थेट जिल्ह्याच्या ऑफिसला पाठवला. त्यात मी कुठेही माफी मागितलेली नाही. माफीवर माझा हक्क नाही. दोष कोणाचा, तिथे साहेबांचं नाव आहे, हसणाऱ्यांची आहेत. पहिलं माझं आहे. चौकशी लागली की मला ही नावं खोडायला सांगतील, नोकरीची भीती घालतील. मी खोडणार नाही.