अर्ध्यावर मारलेली शिट्टी

मी शिट्टी मारली आणि हॉलमधलं गाणं तुटलं. निळ्या ताडपत्रीच्या अलीकडे कमलअक्का हात वर केलेल्या तशाच उभ्या राहिल्या. पलीकडे चौधरी मॅडमचं तोंड काहीतरी बोलायला उघडलं होतं, ते त्यांनी मिटून घेतलं. मला वाटलं, वेळेवर सावरलं.

आधी माझा धंदा सांगतो. तो समजावून सांगायला मला लग्नकार्यातही पाच मिनिटं लागतात. मी गेम लिहितो. नाटक नाही, नाटकात संवाद पाठ असतात. इथे प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळते: तू अमुक गावची, तुला तमुक हवंय. मग दिवसभर त्या माणसासारखं वागायचं, भांडायचं, समजूत घालायची. प्रेक्षक नसतात. मोठ्या शहरांत याला लार्प म्हणतात आणि पोरं तलवारी घेऊन खेळतात. आमच्या धुळ्यात तलवारींना गिऱ्हाईक नाही, म्हणून मी हे वेगवेगळ्या संस्थांच्या स्टाफला ट्रेनिंग म्हणून देतो. बारा वर्षं झाली.

हा गेम एका पाणलोट प्रकल्पाच्या चौदा जणांसाठी होता. साक्रीकडच्या गावांत त्यांना तीन वर्षं काम करायचं होतं. गेममध्ये दोन गावं, वरचं आणि खालचं, मधे नाला. नाला म्हणजे ती ताडपत्री. वरच्या गावाने बांध घातलाय, खाली पाणी येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही गावांनी करार करायचा.

कमलअक्का प्रोबेशनवर होत्या. पंचेचाळिशीच्या, साक्री तालुक्यातल्याच, दहावी झालेल्या. मीटिंगमध्ये तोंड उघडत नाहीत, ही त्यांच्याबद्दलची तक्रार. त्यांना कायम करायचं की नाही, याचा रिपोर्ट चौधरी मॅडम देणार होत्या. मॅडम मॅनेजर. रावेरकडच्या केळीवाल्या घरातल्या, पण बोलणं पक्कं ऑफिसचं आणि मनगटावर सोनेरी घड्याळ. चिठ्ठ्या मीच वाटल्या. मॅडमना वरच्या गावची पाटलीण केलं, अक्कांना खालच्या गावची बाई. त्यात माझी थोडी खोड होती, कबूल करतो.

पहिल्या दिवशी चार वाजेपर्यंत पुरुषांची बोलणी तीनदा फिसकटली. मग अक्का उठल्या, ताडपत्रीच्या काठाशी आल्या आणि गायला लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं. चाल आखाजीची. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, ती आठवड्यावर आली होती. त्या सणाला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि काही गावांत नदीच्या दोन काठांवरच्या बाया एकमेकींना गाण्यातून शिव्या घालतात. शब्द अहिराणी, जागेवर जुळवायचे. अक्कांची पहिली दोन कडवी पाटलाच्या म्हशीवर गेली. सगळे हसले. समोरच्या बायाही काठाशी आल्या, एकीने स्टीलची ताटली वाजवायला घेतली. मग तिसरं कडवं आलं:

वरला गावनी पाटलीन, हातमा बांधस घडी,
पानी मांगं तं मारस फाईलमा दडी.

मॅडमनी दुसऱ्या हाताने घड्याळ झाकलं. ताटली थांबली. कारण माझ्या गेममध्ये फाईल कुठेच नव्हती. ती ऑफिसात होती, मॅडमच्या टेबलावर, आणि ते चौदाही जणांना माहीत होतं.

आमच्या कामात याला ‘ब्लीड’ म्हणतात. कच्च्या रंगाची साडी दुसऱ्या कपड्यांना लागते, तसा गेमचा रंग खऱ्या माणसाला लागतो. असं दिसलं की शिट्टी मारून कट करायचं, हा नियम. मी केला. माझ्या मॅन्युअलमध्ये पुढची ओळ आहे: कट झालेला सीन पुन्हा खेळायचा नाही.

त्यानंतर डीब्रीफ. म्हणजे गोलात बसून काय झालं, काय वाटलं ते बोलायचं. मॅडम उद्याची वेळ विचारून उठल्या. अक्का खुर्च्या आवरायला लागल्या. चहाच्या वेळी प्रकल्पाचे संचालक वाणी साहेब माझ्याजवळ आले.

“भामरे, त्या बाईंचं आता अवघड आहे.”

“गेममधलं गेममध्ये, साहेब.”

“मला नका सांगू. मॅडम म्हणाल्या, सोमवारी रिपोर्ट देते, शिस्तीबद्दल वेगळा कॉलम टाकून.”

बाई वर्षभर बोलत नाही म्हणून तक्रार, आणि बोलली ती माझ्या खेळात, मी दिलेल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून. तिची नोकरी माझ्या हॉलमध्ये जायला लागली होती. मला लाज वाटली.

अक्का ताडपत्री झटकत होत्या. मी म्हणालो, “अक्का, माफ करा. मॅडमना लागलं, म्हणून मी थांबवलं.”

“सर, शिट्टी काबर मारी?” त्या म्हणाल्या. रागाने नाही, कारण विचारायचं म्हणून. “अर्धं गानं लागसच. पुरं व्हयनं तं लागत नही. आते त्यासना जवाब बाकी शे.”

“पण शिव्याच चालल्या होत्या ना?”

“तुम्ही ते गानं सरतांना कधी आयकेल शे का?”

मी हो म्हणणार होतो. आखाजी मला काय नवी? पण ऐकलेलं नव्हतं. आमच्या गावात बाया नदीवर गेल्या की पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही. लहानपणी आम्ही बांधाआड लपून ऐकायचो. दोन-चार शिव्या कानावर पडल्या की कुणीतरी ढेकूळ भिरकावायची आणि आम्ही पळायचो. पुढे काय होतं ते एकाही पोराला माहीत नव्हतं. त्या दोन-चार शिव्यांच्या भांडवलावर मी आखाजीचा जाणकार झालो होतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाणी साहेबांना गाठलं. म्हणालो, “कालचा सीन तिथूनच पुढे न्यायचाय.”

“तुमच्याच मॅन्युअलमध्ये नाही म्हणून लिहिलंय.”

“लिहिलंय. चुकीचं लिहिलंय.”

“आणि आणखी चिघळलं तर?”

“तर माझं नाव तुमच्या ट्रेनरच्या यादीतून काढा.”

मग मी मॅडमकडे गेलो. त्या खिडकीशी बसून फाईलच वाचत होत्या.

“मॅडम, काल तुमची उत्तर द्यायची पाळी मी खाल्ली. चूक माझी, अक्कांची नाही. द्यायचं असेल तर आज द्या. नसेल तर आपण करारावर जाऊ.”

“मला गाणं येत नाही,” त्या म्हणाल्या. “शिकायला बाहेर पडले, त्यानंतर आखाजीला घरी गेलेच नाही.”

मी परत फिरलो. दाराशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला.

“भामरे सर. पुरुष बाहेर जातील?”

आम्ही आठ पुरुष बाहेर गेलो, वाणी साहेबांसकट. आवारातल्या कडुनिंबाखाली उभे राहिलो. दार आतून लावलं गेलं. मलाच बाहेर काढलं, असा हा माझा पहिलाच गेम.

आधी ताटली वाजली. मग अक्कांचं तेच कडवं, शब्दन् शब्द. मग काहीच नाही. वाणी साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. बऱ्याच वेळाने एक बारीक, सुराला सोडून चाललेला आवाज आला. मॅडमचा. शब्द कळत नव्हते, पण ते ऑफिसचे नव्हते. दुसऱ्या ओळीला आत हशा फुटला, त्यात अक्कांचं हसणं सगळ्यांत मोठं. मग ही, मग ती, पाळीपाळीने. शेवटी सगळ्याजणी मिळून काहीतरी गायल्या, हळू चालीवर. ते मी जन्मात ऐकलेलं नव्हतं.

दार उघडलं तेव्हा पाऊण तास झाला होता. करार ताडपत्रीवर ठेवलेला होता, सह्यांसकट: एक दिवस वरच्या गावाला पाणी, एक दिवस खालच्या. घड्याळ कमलअक्कांच्या मनगटावर होतं. मॅडमचे डोळे लाल होते, पण चेहरा हलका होता. जेवणाच्या वेळी घड्याळ परत मॅडमच्या हातात दिसलं.

“आत काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“करार झाला,” मॅडम म्हणाल्या. “बाकी रिपोर्टमध्ये येणार नाही.”

सोमवारच्या रिपोर्टमध्ये शिस्तीचा कॉलम नव्हता. अक्कांबद्दल एकच वाक्य होतं, ते साहेबांनी मला फोनवर वाचून दाखवलं: ‘समोरच्याचं उत्तर येईपर्यंत थांबतात.’ कमलअक्का आता साक्रीच्या चार गावांचं काम बघतात.

मॅन्युअलमध्ये मी एक ओळ खोडली आणि एक घातली: गाणं चालू असेल तर शिट्टी खिशात.

मध्यंतरी अक्का धुळ्यात भेटल्या. मी धीर करून विचारलंच, त्या गाण्याचा शेवट काय असतो. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“ते बायासनं शे, सर,” म्हणाल्या, आणि घरचे बरे आहेत का विचारलं. मी बरे आहेत म्हणालो.