निखिलचं पोट कधीच बिघडलं नव्हतं

निखिल विश्रांतीच्या काळात गेला.

हे वाक्य माझं नाही. त्याच्या कंपनीने घरी पाठवलेल्या पत्रातलं आहे.

निखिल मालवाहू विमानाचा पायलट होता. महिन्यापूर्वी मुंबईत ड्युटी संपवली आणि स्वतःची गाडी चालवत पुण्याला निघाला. सकाळी दहा वाजता, लख्ख उन्हात, हायवेच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकवर मागून आदळला. धायरीतलं घर चार किलोमीटरवर होतं.

रस्त्यावर ब्रेक मारल्याची खूणसुद्धा नाही. डुलकी लागली होती हे कळायला तज्ज्ञ कशाला हवा?

पण ड्युटी संपली की नियमाप्रमाणे विश्रांती सुरू होते. म्हणजे कागदोपत्री साहेब आराम करत होते. स्टिअरिंग धरून.

मी त्याची कॅप्टन होते. चार वर्षं तो माझ्या उजव्या हाताला बसून उडाला. मी दोन वर्षांपूर्वी हे काम सोडलं, त्यामुळे आता मला बोलायला कुणाची परवानगी लागत नाही.

त्याच्यासोबत उडालेल्या कॅप्टनकडून कळलं, शेवटच्या दोन ड्युट्यांच्या मध्ये त्याला ठरलेले तास मिळाले होते. अगदी नियमात. त्यातले दोन तास रूम तयार नाही म्हणून हॉटेलच्या लॉबीत सोफ्यावर. उरलेले भर दुपारी, दाराबाहेर व्हॅक्यूम क्लीनर चालू असताना. मग परत रात्रभर विमान.

याला रेस्ट म्हणतात.

निखिलचे वडील, तात्या. मार्केट यार्डात त्यांचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. लांबून माल घेऊन ड्रायव्हर आला की तात्या सगळ्यात आधी त्याच्याकडून ट्रकची किल्ली घेतात आणि ऑफिसातल्या खिळ्याला अडकवतात. मग चहा. मग मागच्या खोलीत झोप. व्यापारी कितीही बोंबलू दे, झोप झाल्याशिवाय किल्ली खाली येत नाही.

"दमलास का, असं ड्रायव्हरला इचारायचंच न्हाई," तात्या म्हणतात. "त्यो म्हननारच, मी फ्रेश हाय."

आमच्याकडे मात्र पायलटलाच विचारतात. आणि त्याने खरं सांगितलं तर ड्युट्या लावणाऱ्या ऑफिसातून फोन येतो.

"सर, फटीग लिहू की सिक?"

फटीग, म्हणजे थकवा, म्हणालात तर रिपोर्ट, मीटिंग, आणि "घरी काही टेन्शन आहे का?" अशी गोड चौकशी. सिक म्हणालात तर "गेट वेल सून, सर."

म्हणून आमच्यात सगळे पोट लिहितात. अख्ख्या फ्लीटची पोटं बिघडलेली.

निखिल पहिल्यांदा खरं लिहायला निघाला होता.

"मॅम, मी फटीगच लिहितो. दोन दिवस डोळ्याला डोळा नाही."

"वेडा आहेस का? पोट लिही, एका ओळीत सुटशील."

"पण पोट ठणठणीत आहे माझं."

"ते कोण बघायला येतंय?"

हसला. पोट लिहिलं. पुढेही प्रत्येक वेळी तेच लिहीत गेला. पोराला शहाणं केलं असं मला तेव्हा वाटलं होतं.

गेल्या आठवड्यात तात्या दोन कागद घेऊन माझ्याकडे आले.

एक कंपनीचं पत्र. 'त्यांनी थकव्याची तक्रार एकदाही नोंदवलेली नाही. पोटाच्या तक्रारी मात्र वारंवार होत्या.'

दुसरा पोलिसांचा. 'चालकाचा निष्काळजीपणा.'

"मॅडम, ह्याचं पोट कधी बिघडलं वो?" तात्यांनी विचारलं. "दगड पचवायचा पोरगा."

मी त्यांना सगळं सांगितलं. पोट मी शिकवलं, हेही.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागदांची नीट घडी घातली आणि म्हणाले, "आमच्यात निष्काळजी कोन न्हाई. तेवढा शब्द काढून द्या. बाकी काय नको मला."

मी कंपनीतल्या ओळखीच्या एका मॅनेजरला फोन केला, तो थकलेला होता एवढं लिहून द्या म्हणाले. त्याने मला समजावलं.

"मॅडम, कार्गो वेगळं असतं. मागे पॅसेंजर नसतात."

पुढे दोन माणसं असतात. आणि खाली अख्खं शहर असतं.

"इतके कडक नियम केले तर धंदा कसा चालायचा?"

तात्यांचा चालतो. एका खिळ्यावर चालतो.

मला फार काही नको आहे. विश्रांती पलंगावर पाठ टेकल्यापासून मोजा. रात्रभर उडालेल्या माणसाला घरी सोडायला गाडी द्या. आणि 'थकलो' म्हणणाऱ्याला आरोपी करू नका. प्रवासी विमान असो की खोक्यांचं, चालवणाऱ्याचे डोळे तेच असतात. कार्गो म्हटलं की सवलत मागायला पुढे येणाऱ्यांनी एकदा धायरीला जाऊन यावं.

आणि आपणही. काल ऑर्डर केलेली वस्तू आज दारात आली नाही तर आपलं काय अडतं?

काल मी पोलिसांना लेखी जबाब दिला. सहीनिशी. त्याच्या फॉर्मवरचं पोट माझं आहे, तो थकलेला होता, आणि हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. 'निष्काळजी' हा शब्द कुणाला तरी लावायचाच असेल तर आधी माझ्या नावापुढे लावा. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा.

शब्द निघेल की नाही, माहीत नाही. तात्या रोज फोन करून विचारतात.

खाली कमेंटमध्ये भावपूर्ण श्रद्धांजली लिहू नका. पायलट असाल तर पुढच्या वेळी फॉर्मवर खरं कारण लिहा. त्याला तेवढी श्रद्धांजली पुरे.

पोलिसांनी निखिलच्या गाडीची किल्ली परत दिली. तात्यांनी ती ऑफिसातल्या त्याच खिळ्याला अडकवली आहे.

झोप आता, निखिल. किल्ली तात्यांकडे आहे.