तुकडा न काढता सांगितलेला कॅन्सर

मला शहरातल्या एका डॉक्टरने फसवलं आणि त्याच्या शब्दावर मी माझ्या मुलीला फसवलं.

मी आरमोरीचा, धानाचा व्यापारी. बाप दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, रोवणी करायचा. मी सायकलवर पोतं लादून सुरुवात केली आणि भांडत भांडत राइस मिलपर्यंत आलो. पोत्यात लोखंडी नळी खुपसून मधले दाणे हातावर घेतल्याशिवाय मी कुणाच्याच मालाला चांगलं म्हणत नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी माझे डोळे पिवळे झाले. आमच्याकडे कावीळ झाली की आधी माळ. कुरखेड्याकडचा एक म्हातारा मुळ्यांची माळ डोक्यावर ठेवतो. ती रोज सैल होत गळ्यात येते, मग छातीवर, आणि तिच्यासोबत कावीळही उतरते म्हणतात. माझी माळ बेंबीपर्यंत आली तरी डोळे हळदीसारखेच. खाज अशी की मी दाराच्या चौकटीला पाठ घासायचो.

म्हाताऱ्याने विचारलं, "भाऊ, संडास कोन्या रंगाची होते?"

"पांढरी. खडूसारखी."

त्याने माळ काढून घेतली. "हे माह्या हातची कावीळ नाई. आत रस्ता बुजला हाय. दवाखान्यात जा."

"मंग इतके दिवस काऊन घालवले माहे?" मी ओरडलो.

"तू आज सांगून राह्यला. मी का तुह्या मागं डब्बा घेऊन येतो का?"

शहरातल्या डॉक्टरने आधी माझे तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन लाल झालेले दात पाहिले, मग पोटाच्या तपासणीचे फोटो. यकृतातून निघणारी पित्ताची नळी एका जागी दोऱ्याएवढी झाली होती. "पित्तनळीचा कॅन्सर. ऑपरेशनच्या पलीकडे गेलाय," तो म्हणाला. तोंडातून दुर्बीण घालून त्याने त्या जागी प्लास्टिकची नळी बसवली. पित्त वाहू लागलं, खाज गेली.

"किती दिवस?" मी विचारलं.

"काही महिने. जे उरकायचं ते उरकून घ्या."

आत गेलाच होतास तर चिमूटभर तुकडा काढून तपासलास का, हे मी विचारलं नाही. धानाच्या प्रत्येक पोत्याला विचारतो ते स्वतःच्या जिवासाठी विचारलं नाही. भीती वाटली की माणूस घासाघीस करत नाही.

उरकायची होती ती मुलगी. चंद्रपूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. "बाबा, परीक्षा तं होऊ द्या," ती म्हणाली. मी म्हणालो, "तोवर मी राहीन का?" सिंदेवाहीचं स्थळ आलं. विहारात लग्न लागलं. मी खुर्चीवर बसून होतो, ती रडत होती. सगळे म्हणाले, बापासाठी रडून राह्यली. मलाही तसंच वाटलं. कॉलेजातून तिचं नाव कमी झालं.

मी मात्र मेलो नाही. पावसाळा संपता संपता ती नळी तुंबली, डोळे पुन्हा पिवळे झाले आणि थंडी वाजून ताप आला. मला नागपूरला दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी फोटो बाजूला ठेवून माझ्या जबड्याखाली बोटं दाबली.

"या गाठी कधीपासून?"

"असतील वर्षभर. खर्ऱ्यानं सुजलं असन."

"आधीच्या डॉक्टरांना दाखवल्या?"

"नाई. खर्ऱ्यावरून बोलणी खावी लागली असती."

त्या हसल्या नाहीत. घरात सिकलसेल कुणाला आहे, टीबी कुणाला झाला होता, सगळं विचारलं. ज्या गोळ्या त्यांच्या मनात होत्या, त्यांनी लपलेला टीबी भडकला असता. म्हणून आधी तो नाही याची खात्री केली, मग तुंबलेली प्लास्टिकची नळी बदलताना पित्तनळीच्या अरुंद जागेचा तुकडा काढला, रक्त तपासलं. कॅन्सर नव्हताच. शरीरातली राखण करणारी ताकदच स्वतःच्या अंगावर उलटली होती. पित्तनळी, स्वादुपिंड, जबड्याखालच्या लाळेच्या गाठी, सगळीकडे तीच सूज. आजार क्वचित होतो आणि हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो, त्या म्हणाल्या. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांत डोळे पांढरे झाले. पुढे प्लास्टिकची नळी काढली, ती पुन्हा घालावी लागली नाही.

आता गोळ्यांमुळे साखर वाढली आहे. दुपारी मिलमध्ये बसल्या बसल्या मान खाली जाते. बाजारात आवाज चढवायला गेलो तर धाप लागते. मुलगी पाच महिन्यांची गरोदर आहे. परवा फोनवर म्हणाली, "तुम्ही वाचले, मले आनंदच हाय बाबा. पण माहं शिकणं काऊन गेलं, हे मले कोणी सांगन का?" मी फोन बायकोकडे दिला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन त्या पहिल्या डॉक्टरकडे गेलो.

"फोटोत तसंच दिसत होतं," तो म्हणाला.

"तुकडा काढला होता का?"

"त्या वेळी गरज वाटली नाही. अहो, वाचलात ना? नशीब समजा."

मी टेबलावर हात आपटला, तेव्हा बाहेरून दोघे आले आणि मला धरून पायऱ्यांपर्यंत घेऊन गेले. दोघांची गरज नव्हती, एकानेही भागलं असतं.

फोटोत कॅन्सरसारखं दिसलं, हे मला मान्य आहे. शंका आहे, एवढं तरी सांगायचं होतं. दोन शब्दांचं काम होतं. माझा गुन्हा मी मुलीसमोर कबूल करीन, आज ना उद्या. पण त्या डॉक्टरने सिंदेवाहीला यावं, तिच्यासमोर बसावं आणि न तपासता तिच्या बापाला मरणाची तारीख का दिली, हे तिला तिच्या तोंडावर सांगावं. मला नशीब नको, जबाब पाहिजे.