डाव्या नळीवरची अक्षरं

मुलांनो, पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं काही नाही, तरी त्याआधी हे लिहून ठेवावंसं वाटलं. तुमच्या पणजोबांच्या शिकारीच्या गोष्टी तुमचे बाबा रंगवून सांगतात. ही मात्र ते सांगत नाहीत, कारण तेव्हा ते पाळण्यात होते.

साठीचं दशक संपत आलं होतं. आम्ही साक्रीजवळच्या गावी राहत होतो आणि तुमचे आजोबा नोकरीसाठी चाळीसगावला असत. रानडुकरांनी भुईमुगाची दोन शेतं उकरली, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, आपल्या वडिलांची दुनळी बंदूक दुरुस्तीला काढली. ती विलायती होती आणि पार झिजलेली. नळ्या बिजागरीत डगडगत, दस्त्याला चीर गेलेली. तोवर ती ससे आणि तितरांपुरतीच वापरात होती, छऱ्यांची काडतुसं घालून.

धुळ्याच्या कारागिराने फार काही केलं नाही. बिजागरीत पोलादाची पातळ पट्टी बसवली, उजव्या घोड्याची कमान बदलली, चिरेवर पितळी तार गुंडाळली. नळ्या जुन्या आहेत, दारू बेताची भरा, असं त्याने बजावलं. आबांनी मान डोलावली आणि घरी येऊन डुकरांसाठी छऱ्यांऐवजी शिशाच्या मोठ्या एकेरी गोळ्या ओतायला बसले.

हाक्याच्या, म्हणजे रानात आरडाओरडा करून डुकरं बंदुकीपुढे हाकण्याच्या, आदल्या दुपारी सासूबाईंनी सुट्या केलेल्या नळ्या पुसायला माझ्याकडे दिल्या. आमच्याकडे दसऱ्याला बंदूक पाटावर मांडत आणि नळ्यांना खालच्या बाजूने तेलातलं कुंकू लावत, वरची नक्षी खराब होऊ नये म्हणून. इतक्या वर्षांचा तो थर दगडासारखा झाला होता. गजाला गुंडाळलेली चिंधी उजव्या नळीतून सहज गेली, डावीच्या तोंडाशी अडली. मग रॉकेलच्या बोळ्याने मी कुंकू खरवडलं, तर डाव्या नळीवर बारीक इंग्रजी अक्षरं निघाली. या नळीतून गोळी मारू नये, असा त्यांचा अर्थ होता. मी ती तीनदा वाचली.

घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. ओसरीवर आबा चार शिकारी पाहुण्यांबरोबर बसलेले, आणि पाहुण्यांसमोर सुनेने सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती. मी सासूबाईंबरोबर निरोप पाठवला. ओसरीवर हसू फुटलं आणि आबांचा आवाज आत आला, "साठ वरीसनी बंदूक शे. आते ती इंग्रजी बोलाले लागनी का?"

छरे सुटे निघून जातात, पण एकेरी गोळी त्या अरुंद तोंडाशी अडकून नळी फुटली तर त्यांचा डावा हात नेमका तिच्याखाली असणार, एवढंच मला दिसत होतं. डोक्यावरचा पदर सावरत, नळ्या घेऊन मी उंबऱ्यापर्यंत गेले.

"आबा, एक गोळी दोन्ही नळ्यांच्या तोंडातून टाकून बघा."

सासूबाईंनी माझ्याकडे कसं पाहिलं ते अजून आठवतं. आबांनी मात्र नळ्या घेतल्या. उजवीतून गोळी घरंगळत जाऊन त्यांच्या तळहातावर पडली. डावीच्या तोंडावर ती तशीच बसून राहिली. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिली, मग उचलून खिशात टाकली.

"काय लिखेल शे ते मराठीत लिखी दे," आबा मला म्हणाले.

डावा चाप चुकून ओढला जाऊ नये म्हणून त्यांनी त्याला दोरा बांधला. तरी माझी काळजी गेली नाही, कारण उजवी नळी तरी किती भरवशाची? दुसऱ्या दिवशी सकाळभर मी धुणं घेऊन बसले, कान रानाकडे. एक बार ऐकू आला. मग बराच वेळ काहीच नाही.

दुपारी आबा आले, डुक्कर हुकलं म्हणून चिडलेले. त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं. मी तांब्याने पाणी घातलं आणि त्यांची बोटं मोजली.

त्यांच्या पश्चात बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. परवान्याचं पुस्तक माझ्याकडे आहे. त्यात त्यांनी घडी घालून ठेवलेला माझ्या अक्षरातला कागद आहे. त्यावरची ओळ अजून वाचता येते.